बाई वळसा घालत नसत

आमच्या घरमालकीण बाई रोज सकाळी भिंत चढून पलीकडं जायच्या. सत्तरीला टेकलेलं वय, अंगावर सुती पातळ, पायात शाळकरी पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि काखेत एक लाकडी स्टूल. भिंतीपाशी आल्या की स्टूल टेकवायचं, पदर कमरेला खोचायचा, वर चढायचं आणि भिंतीच्या माथ्यावर ऐसपैस बसून पलीकडच्या पहारेकऱ्याला हाक मारायची, "ओ रज्जाकमियाँ, तिकडचं स्टूल लावा."

रज्जाकमियाँ शहागंजात वाढलेला, पन्नाशीचा, भिडस्त माणूस. तो इकडंतिकडं बघत स्टूल आणायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "अम्मा, आपके वास्ते एक दिन मेरी नौकरी जाती." बाई खाली उतरायच्या, पदर सोडायच्या, म्हणायच्या, "गेली तर सांगा. मी येते भांडायला." आणि चालू लागायच्या.

बघणारे हसायचे. मीही पहिल्यांदा हसलो होतो. आज ते आठवलं की डोकं फिरतं. म्हातारपणी भिंती चढायची हौस त्या बाईंना नव्हती. ती भिंत त्यांच्या वाटेत आणून उभी केली होती, आणि ज्यांनी केली ते सगळे आजही सुखानं दोन वेळा जेवताहेत.

मी त्यांचा भाडेकरू. जिंतूरकडून नोकरीसाठी आलो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चिकटलो आणि नाल्याकाठच्या वस्तीत बाईंच्या घरी वरची खोली बघायला गेलो. दारात उभा राहून मी आपला पाहुण्यासारखा सुरू झालो, "नमस्कार, मी असं ऐकलं होतं की आपल्याकडं बहुतेक एखादी..."

"वळसा नका घालू," बाई म्हणाल्या. "खोली पायजे ना?"

"हो."

"मग तसं म्हणा की. वर आहे, बघून या. आवडली तर सामान आणा, नाही आवडली तर चहा पिऊन जा."

वळसा ह्या गोष्टीशी त्यांचं उभं वैर होतं. बोलण्यातला वळसा, रस्त्यातला वळसा, व्यवहारातला वळसा, सगळ्यालाच त्यांचा एक शेरा ठरलेला. "वळसा घाण्याच्या बैलानं घालावा. त्याचे डोळे बांधलेले असतात, त्याला माफ आहे." आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलेल्या, शेवटची काही वर्षं फर्दापूरला. वर्गात शुद्ध बोलायच्या म्हणे. घरी मात्र लई, व्हय, नाय सगळं चालायचं. वडील निजामाच्या काळात कचेरीत पेशकार होते, त्यामुळं राग चढला की त्यांची मराठी उर्दूत शिरायची. "फिजूल" म्हणाल्या तर समजायचं की अजून थोडक्यात निभावेल. "नाइन्साफी" म्हणाल्या की आम्ही भाडेकरू आपापल्या खोल्यांत पळायचो.

एकदा मी त्यांना मोटरसायकलवरून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेलं. रांगेतून आत गेलो. बाई पिंडीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि चारचौघांत ऐकू जाईल असं देवाला म्हणाल्या, "पाऊस पाड. बाकी आमचं आम्ही बघतो." आणि फिरल्या.

पुजारी म्हणाले, "बाई, प्रदक्षिणा राहिली."

"सांगायचं ते समोर सांगितलं. पाठीमागं जाऊन काय सांगू?"

"अहो, शंकराची अर्धीच असते. अर्ध्यातनं परत फिरायचं."

"परतच फिरायचंय तर निघायचं कशाला?" बाई म्हणाल्या आणि बूट घालायला गेल्या. पुजाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घंटेकडं बघितलं.

त्यांच्याजवळ एक पितळी पोंगा होता, मागं रबरी फुगा असलेला, जुन्या रिक्षांना असायचा तसला. शहागंजातल्या जुन्या बाजारातून आणलेला. तो त्यांच्या लेडीज सायकलच्या दांडीला होता. भिंत झाल्यावर सायकल अडगळीत गेली आणि पोंगा पिशवीत आला. घरात त्या कुणाला हाका मारत नसत. मला बोलवायचं तर जिन्याखाली उभं राहून एकदा पोंगा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला तळमजल्यावरच्या दीपाच्या आईला सांगायचं तर दोनदा. आणि नळाला पाणी आलं की लांबलचक, फुगा रिकामा होईपर्यंत.

हा तिसरा पोंगा फार मोलाचा. ती दुष्काळाची वर्षं होती. ओळीनं पावसाळे कोरडे गेलेले, धरणाचा तळ टीव्हीवर दाखवत होते आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. नळाला आठवडा आठवडा पाणी नसे आणि आलं की कधी येईल सांगता यायचं नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी. बाईंच्या अंगणातला नळ वस्तीत सगळ्यांत खाली, त्यामुळं पाणी आधी तिथं सुसकारे टाकायचं. बाई गच्चीवर जाऊन पोंगा दाबायच्या आणि वस्तीतली सगळी माणसं हातातलं टाकून हंडे-बादल्या घेऊन नळांकडं धावायची. तान्हं पोर पाळण्यात तसंच रडत राहायचं. पाहुणा आला की बाई पाण्याचा पेला हातात धरूनच विचारायच्या, "प्यायला पायजे का मानापुरतं?" मानापुरतं म्हणणाऱ्याला पेला नुसता दाखवून परत आत न्यायच्या.

आता त्या भिंतीचं सांगतो.

आमची वस्ती नाल्याच्या अलीकडं. नाल्यावर एक फरशी पूल, आणि पुलापलीकडं शाळा, दवाखाना, बसथांबा, त्याच्या पुढं स्मशान. म्हणजे बाळंतपणापासून सरणापर्यंत माणसाला जे लागतं ते सगळं पलीकडं. वस्तीतून निघायचं, काठावरची मातीची वाट ओलांडायची, पूल उतरायचा, की पोचलो. पिढ्यान्‌पिढ्या माणसं अशी जात होती.

मग त्या मातीच्या वाटेवर सायकल ट्रॅक झाला. झाला तो उत्तमच झाला, उगाच खोटं कशाला बोला. गुळगुळीत, लाल रंगाचा, कडेला झाडं, बसायला बाकडी. आणि ट्रॅक व वस्ती यांच्यामध्ये, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुरुषभर उंचीची भिंत. आत जायला फाटकं दोनच. एक उड्डाणपुलाजवळ, तिथं मोटारी लावायला मोठी जागा. दुसरं पार पलीकडच्या टोकाला, नव्या टोलेजंग इमारतींच्या संकुलासमोर. मधल्या माणसांनी काय करायचं, तर बघायचं.

रोज सकाळी लोक मोटारीच्या पाठीला सायकल बांधून यायचे. मोटार लावायची, सायकल सोडायची, डोक्याला टोप घालायचा, ट्रॅकवर एक चक्कर मारायची, सायकल परत मोटारीला बांधायची आणि घरी जायचं. आणि ज्यांचं पोटच सायकलवर, ते आमच्या वस्तीतले दूधवाले, कारखान्यातले हेल्पर, वर्तमानपत्रं टाकणारे, ते मोठ्या रस्त्यानं ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून जायचे. सायकल ट्रॅकवर सायकलनं येता येत नव्हतं, मोटारीनंच यावं लागायचं. हे ज्यानं आखलं त्याला कुणी एकदा तरी विचारलं असेल का?

मोठा रस्ता त्या वर्षांत भयंकर झाला होता. संकुलातल्या उंच इमारतींना पाणी टँकरनं जायचं, आणि टँकरवाल्यांना खेपा जास्त करायच्या घाईनं काही दिसत नसे. बाईंच्या तळमजल्यावर सुदाम राहायचा, शहागंजात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचा. त्याची मुलगी दीपा नववीत. तिला शाळेतून सायकल मिळाली होती, निळी. पूर्वी पुलावरून सायकल घेऊन शाळेत पोचायला तिला वेणीचा शेवटचा पेड घालायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. भिंत झाल्यावर ती मोठ्या रस्त्यानं जाऊ लागली. एका सकाळी मागून आलेला टँकर तिला घासून गेला. दीपा रस्त्याकडेच्या खडीत पडली आणि हात मोडला. टँकर थांबलासुद्धा नाही.

हाताला प्लॅस्टर घालून आणल्यावर सुदामनं जाहीर केलं, "बस झाली शाळा. दहावीचा फॉर्म बाहेरून भरू."

बाई त्याच्या दारात गेल्या. "सुदाम, पोरगी हुशार आहे."

"हुशार हाय, पण जिती ऱ्हायली पायजे ना बाई? तुमी सांगा, कोणत्या रस्त्यानं धाडू?"

बाई घरात गेल्या आणि काखेत स्टूल घेऊन बाहेर आल्या. "मी नेते तिला. भिंतीवरून."

म्हणजे भिंत चढणं सुरू झालं ते असं. दीपाची सायकल बाईंच्या सायकलशेजारी अडगळीत गेली आणि दीपा बाईंबरोबर स्टुलावरून शाळेत जाऊ लागली, पायी. बाई तिला पुलापलीकडं पोचवायच्या आणि परत यायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच.

मी त्यांना म्हणालो, कचेरीत जाऊन भेटू या. आम्ही गेलो. ट्रॅकचं काम बघणारे इंजिनीयर साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, चहा मागवला. आजवर मला असभ्य माणसांनी जेवढं छळलं नाही तेवढं अशा सभ्य माणसांनी छळलंय.

"बाई, तुमची भावना मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण एकूण आराखड्याच्या दृष्टीनं विचार केला तर..."

बाईंनी पिशवीतून पोंगा काढला आणि दाबला. कचेरीतली सगळी डोकी वर झाली.

"हे काय?"

"वळसा घातलात म्हणून वाजवला. परत घातलात तर परत वाजवीन. भिंतीत फाटक देता का नाय?"

साहेबांनी घाम पुसला. मग खरं बोलले. "मध्ये फाटक दिलं की शिस्त राहत नाही. वस्तीतली माणसं येतात."

"ट्रॅक कुणासाठी केलाय?"

"नागरिकांसाठी."

"मग आम्ही कोण? ढोरं?"

"तसं नाही हो. पण फाटक दिलं की ढोरंही येतात ना."

मी आयुष्यात बरीच बोलणी ऐकली, पण इतकं शांतपणे बोललेलं इतकं हलकट वाक्य ऐकलं नाही. बाई उठल्या. साहेब मागून म्हणाले, "तुम्ही एक रीतसर अर्ज देऊन ठेवा." बाई दारातून वळल्या. "नाइन्साफी आहे ही. पायानं चालायला अर्ज? उद्या श्वासाचाही एक नमुना काढा, म्हंजे भरून देतो." चहा तसाच राहिला.

फाटक शेवटी मिळालं ते संक्रांतीमुळं. आमच्या बायकांचं हळदीकुंकू अर्धं अलीकडं, अर्धं पलीकडं. शाळेमागच्या घरांत अलीकडच्या बायकांच्या बहिणी, जावा, मैत्रिणी. दरवर्षी वाण घेऊन पुलावरून जायच्या. बाई विधवा, त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, आणि त्यांना त्याचं काही वाटतं असं त्यांनी कधी दाखवलं नाही. पण त्या वर्षी बायका मोठ्या रस्त्यानं धूळ खात जायची तयारी करायला लागल्या तेव्हा त्यांनी गल्लीत उभं राहून पोंगा वाजवला. "कुठं चालल्या वळसा घालत? माझं स्टूल काय मेलंय का?"

आणि चढल्या की बायका! काळ्या चंद्रकळा, काठापदराच्या साड्या, हातात तिळगुळाची ताटं, वाणाच्या पिशव्या. एक चढतेय, दुसरी माथ्यावर बसलीय, तिसरीचा पदर अडकलाय, खाली बाई स्टूल धरून ओरडतायत, "खाली बघू नका, पलीकडं बघा." रज्जाकमियाँ पलीकडच्या बाजूनं ताटं झेलत होता आणि एकेकीला "संभाल के, संभाल के" म्हणत होता. नेमकी त्याच सकाळी ट्रॅकवर बड्या मंडळींची सायकल फेरी होती आणि तिचे फोटो काढायला वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्यानं फेरी सोडली आणि भिंत धरली. सगळं झाल्यावर दीपाच्या आईनं, काही न बोलता, बाईंच्या कपाळालाही बोट लावलं. दोनचार जणी चपापल्या. बाई म्हणाल्या, "सरळ लावलंस. बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला: भिंतीवर ओळीनं बसलेल्या नटलेल्या बायका, मागं लाल गुळगुळीत ट्रॅक. वरच्यांच्या वरच्यांनी तो पाहिला असावा, कारण जे अर्जानं, विनवणीनं, मोडलेल्या हातानं झालं नव्हतं ते त्या फोटोनं झालं. महिन्याभरात पुलासमोर भिंत फोडून लोखंडी फाटक बसवलं. हिरवा रंग, वर कमान. सुदाम त्या संध्याकाळी निळी सायकल धुऊन ठेवताना मी पाहिला, पाण्याच्या त्या दिवसांत.

आणि मग फाटकाला कुलूप लागलं.

का? तर लोकार्पण व्हायचं होतं. फाटक तयार, रस्ता तयार, माणसं तयार, पण मोठ्या साहेबांची तारीख मिळेना. मोठे साहेब कोण, तर ज्यांनी ती वस्ती मतं मागायला सोडून कधी पाहिली नाही ते. एक तारीख ठरली, मांडवाचे बांबू आले, साहेब दिल्लीला गेले. बांबू गेले. पुन्हा ठरली, पुन्हा मोडली. तेवढ्यात निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली. आता फीत कापता येणार नाही, आणि फीत कापल्याशिवाय फाटक उघडता येणार नाही. शहराचं नाव बदललं होतं. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, बसच्या पाट्या भराभर बदलल्या होत्या. आमच्या फाटकाचं कुलूप काढायला मात्र कुणाचा हात रिकामा नव्हता.

मी बाईंना म्हणालो, "तोडून टाकू कुलूप."

"नाय. कुलूप सरकारी आहे. जन्मभर पोरांना सरकारी बाकावर नाव कोरू नका म्हणून सांगितलं, आता म्हातारपणी कुलपं तोडू? भिंत चढू नका असं कुठं लिहिलेलं नाय. ती चढते."

माझ्या मते हा त्यांचा वेडेपणाच. पण होता तो असा होता. आणि म्हणून, नव्या हिरव्या फाटकाच्या शेजारी, हात लांबवला तर गजाला लागेल इतक्या जवळ, सत्तरीची बाई एका पोरीला घेऊन रोज भिंत चढत राहिली. येणारेजाणारे सायकलस्वार बघत, कुणी फोटो काढत. पुन्हा तो फोटो कुठं छापून आला नाही. एकदा छापला होता ना, झालं.

उन्हाळा लागला. त्या दिवशी रज्जाकमियाँ भाचीच्या लग्नाला गेला होता आणि बदलीवर एक नवा पहारेकरी होता. त्याला सूचना असाव्यात. पलीकडचं स्टूल त्यानं चौकीत नेऊन ठेवलं होतं. शाळेची सकाळची वेळ. दीपा वरून उडी मारून उतरली. पंधरा वर्षांच्या पोरीला काय. बाई माथ्यावर बसल्या. "अहो, स्टूल लावा."

"परवानगी नाही," तो म्हणाला.

परत फिरायचं असतं तर त्या बाई कसल्या. त्यांनी उडी मारली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नवा पहारेकरी घाबरून पळाला. बाईंना हलता येईना, ओरडायला आवाज फुटेना. दीपा घाबरून मदत मागायला पुलाकडं धावली, शाळेकडं, कारण ती वाट तिच्यासमोर मोकळी होती. बाईंनी पिशवीतून पोंगा काढला आणि दाबला. लांबलचक, फुगा रिकामा होईपर्यंत. परत भरला, परत दाबला.

मी गॅलरीत दाढी करत होतो. पोंगा ऐकला. खाली गल्लीत एकच गलका झाला: "पाणी आलं! पाणी आलं!" हंडे, बादल्या, पिंपं घेऊन सगळी वस्ती नळांकडं धावली. मीही तोंडावरचा फेस तसाच ठेवून बादली घेऊन उतरलो. नळ सोडले, नळांनी नुसती हवा टाकली. पोंगा वाजतच होता. आम्ही सगळे कोरड्या नळांपुढं रिकामी भांडी घेऊन उभे होतो आणि एकमेकांना म्हणत होतो, येईल, बाई वाजवतायत म्हणजे येईलच. आणि बाई भिंतीपलीकडं मातीत पडल्या होत्या.

आम्हाला कळलं ते दीपा शाळेतल्या शिपायाला घेऊन परत आली आणि भिंतीच्या वर डोकं काढून किंचाळली तेव्हा. रुग्णवाहिका आली तीसुद्धा उड्डाणपुलाच्या फाटकापर्यंत. पडल्या जागेपासून बाईंना स्ट्रेचरवर ट्रॅकच्या त्या टोकापर्यंत न्यावं लागलं. हिरव्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली कचेरीत होती.

ऑपरेशन झालं, पण त्या उठल्या नाहीत. हैदराबादचा पुतण्या येऊन राहिला. मी एका संध्याकाळी भेटायला गेलो आणि खाटेशेजारी बसून म्हणालो, "बाई, डॉक्टर म्हणत होते, वयाच्या मानानं तसं काळजीचं..."

"वळसा नको."

मी खाली बघून म्हणालो, "बरं वाटणार नाही म्हणतात."

"आता कसं." आणि लगेच विचारलं, "दीपा शाळंत जाती का?"

"नाही. सुदाम सोडत नाही."

बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पोंगा तिला द्या. स्टूल नका देऊ."

त्या गेल्या तेव्हा सगळी वस्ती आली. तिरडी उचलली. स्मशान पुलापलीकडं, म्हणजे हाकेच्या अंतरावर. पुतण्या मडकं धरून पुढं, भिंतीपाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "मोठ्या रस्त्यानं जावं लागेल ना? वळून चला."

सुदाम पुढच्या खांद्याला होता. तो जागचा हलला नाही. "बाईला वळसा घालून नेणार नाय," तो म्हणाला.

तिरडी खांद्यावर, ऊन डोक्यावर, समोर कुलूप. मग गजांपलीकडं रज्जाकमियाँ दिसला. चौकीतून पहार घेऊन येत होता. तो एरवी इकडंतिकडं बघितल्याशिवाय काही करायचा नाही. त्या दिवशी त्यानं कुणाकडंच बघितलं नाही. पहार कुलपात घातली आणि सगळा भार टाकला. कुलूप तुटलं. फाटक आत ओढून तो बाजूला झाला, टोपी सारखी केली. मी जवळून जाताना म्हणालो, "रज्जाकमियाँ, नोकरी..."

"जाने दो," तो म्हणाला.

गेलीच. आठवड्याच्या आत त्याला काढलं. ट्रॅकवरून अंत्ययात्रा नेली म्हणून अज्ञात इसमांविरुद्ध तक्रारही झाली. ज्या कचेरीला बाईंचं हाड मोडलं तेव्हा एक फोन करायला जमलं नाही, तिला सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार करायला मात्र वेळ झाला. पण नवं कुलूप घ्यायला मंजुरी लागते, आणि मंजुरीला वेळ लागतो. तेवढ्या काळात फाटक उघडं राहिलं. शाळा सुरू झाली त्या दिवशी सुदामनं निळ्या सायकलच्या दांडीला पोंगा स्वतः तारेनं बांधला आणि पोरीला म्हणाला, "जाय. सरळ जाय." दीपाच्या मागं वस्तीतल्या बाकीच्या पोरीही सायकली काढू लागल्या.

निवडणूक संपली. आचारसंहिता उठली. मोठ्या साहेबांची तारीख मिळाली. आता उघडं फाटक कसं उघडायचं? म्हणून लोकार्पणाच्या आदल्या दिवशी ते बंद केलं. कोनशिला बसवली, तिच्यावर साहेबांचं, त्यांच्याखालच्यांचं, त्यांच्याही खालच्यांचं नाव होतं. बाईंचं नव्हतं, आणि ते बरंच झालं, एवढ्या गर्दीत त्यांना आवडलं नसतं. सकाळी मांडव, खुर्च्या, झेंडूच्या माळा. साहेबांच्या गाड्या उशिरा येणार असं कळल्यावर, त्यांना आल्याबरोबर फीत कापता यावी म्हणून फाटकाची दारं उघडून मध्ये तेवढी लाल फीत बांधून ठेवली. त्या फितीशेजारी तबकात कात्री घेऊन इंजिनीयर साहेब उभे होते. आम्ही वस्तीतले मागं उभे. रज्जाकमियाँही आला होता. आता तो मेहुण्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसतो.

शाळेची वेळ झाली. पोरी सायकली घेऊन आल्या. इंजिनीयर साहेबांनी हात आडवा केला. "आज इकडून नाही. कार्यक्रम आहे. मोठ्या रस्त्यानं जा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

पोरी थांबल्या. दीपा नाही थांबली. तिनं पोंगा दाबला, लांबलचक, आणि सायकल सरळ सोडली. इंजिनीयर साहेब तबकासकट बाजूला झाले. फीत ताणली आणि तुटली. मागून बाकीच्या पोरी घंट्या वाजवत गेल्या आणि पूल उतरून दिसेनाशा झाल्या. मागं आमच्या बायका पोंग्याच्या आवाजानं सवयीनं दोन पावलं घराकडं धावल्या होत्या, त्या थांबल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. मी स्वतः काय करत होतो तेही मला नीट आठवत नाही.

साहेब आले ते ऊन चढल्यावर. दुसरी फीत कुणी आणली नव्हती. मग तीच उचलली, झटकली, मध्ये गाठ मारली आणि साहेबांपुढं ताणून धरली. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात साहेब आहेत, कात्री आहे, कमान आहे, हार आहेत. मी तो कापून भिंतीला लावलाय. कुणी आलं की दाखवतो, जवळून बघा म्हणतो. फितीतली ती गाठ अगदी स्पष्ट दिसते.